उपेंद्र देवस्थळीची क्रमवारी

रविवारी सकाळी आयर्लंडमधलं निम्मं ॲथलोन गाव चर्चला निघालेलं असे आणि निम्मं अजून अंथरुणात असे. उपेंद्र देवस्थळी तेव्हा जिन्याखालच्या छोट्या टेबलापाशी बसून मॉडेमची किरकिर ऐकत असे. फोनच्या तारेतून अमेरिका घरात यायला वेळ लागायचा. तोवर त्याचा चहा निवायचा आणि स्वयंपाकघरातून बायकोचा, पद्मजाचा, आवाज यायचा.

"उपेंद्र, लाइन सोड. आईचा फोन यायचाय कोल्हापूरहून."

"नेब्रास्काचा स्कोअर बघतो आणि सोडतो."

"परवाही हेच म्हणालास."

"परवा शनिवार नव्हता ना. तिकडे शनिवारीच खेळतात."

उपेंद्र पुण्याचा, सहकारनगरातला. लहानपणी गल्लीतल्या क्रिकेटमध्ये त्याला संघात कोणी घ्यायचं नाही, पण धावा लिहायला त्याच्याशिवाय दुसरं कोणी चालायचंही नाही. भांडण झालं की दोन्ही बाजूंची मुलं त्याच्याकडे धावत यायची, कारण तो खोटं लिहीत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे शिकायला म्हणून तो अमेरिकेत नेब्रास्काला गेला. तिथं शरद ऋतूत दर शनिवारी अख्खं गाव लाल कपडे घालून विद्यापीठाच्या मैदानाकडे लोटतं. ज्या खेळात चेंडूला पाय क्वचितच लागतो त्याला ती मंडळी फुटबॉल म्हणतात. उपेंद्रने तो चेंडू आयुष्यात हातात धरला नाही, पण त्या खेळाच्या क्रमवारीने त्याला जे धरलं ते कायमचं.

त्याचं कारणही तसंच होतं. तिकडे विद्यापीठांचे शंभरावर संघ, आणि प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात येतात फार तर डझनभर सामने. सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य. मग शेवटच्या सामन्याला कोणते दोन संघ पाठवायचे? एकाने सगळे सामने जिंकले, पण लिंबूटिंबू संघांशी खेळून. दुसरा दोनदा हरला, पण त्याने भल्याभल्यांशी टक्कर घेतली. यातला मोठा कोण? एका शाळेतला मुलगा सोप्या पेपरात नव्वद मिळवतो आणि दुसऱ्या शाळेतला अवघड पेपरात सत्तर, तसाच हा प्रश्न. त्यावर त्या लोकांनी एक हिशेब काढला होता. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांची कामगिरी दोन भाग धरायची आणि ते ज्यांच्याशी खेळले त्यांची एक भाग. त्यावरून तुमची वाट किती खडतर होती हे काढायचं आणि ते तुमच्या विजयांशी जोडायचं.

हे सगळं उपेंद्र कोणालाही सांगे. शेजारचे नोएल गेराटी तर त्याच्या हमखास तावडीत सापडायचे. नोएल पोस्टातून निवृत्त झालेले, आयरिश फुटबॉलवर जीव टाकणारे. कुंपणावर कोपर टेकवून ते सगळं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "आमच्याकडे सोपं आहे. हरलास की घरी जायचं. वाटेत पबमध्ये जाऊन रडायचं. ग्रँड."

ॲथलोनच्या टेलिकॉम कंपनीत उपेंद्रचं काम होतं दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्या गोष्टीवरून इतरांची नजर पंचवीस वेळा फिरून गेली असेल, तिथं तो बोट ठेवून म्हणे, "इथं बघ बरं." लोकांना त्याचा राग येत नसे, कारण बोट ठेवताना त्याचा चेहरा चूक त्याचीच असल्यासारखा ओशाळलेला असायचा.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात पद्मजाचे वडील, दत्तात्रय आप्पा, कोल्हापूरहून आले. एस.टी.च्या डेपोत फोरमन म्हणून निवृत्त झालेला उंचापुरा, बोलका माणूस. डेपोत दिवसभर शंभर माणसांत वावरलेला. पहिला पंधरवडा ते खिडकीपाशी बसून राहिले.

"जावईबापू, गाव तर झकास हाय," ते म्हणाले, "पर माणसं कुठं ठेवल्यात?"

"थंडी आहे ना आप्पा. सगळे घरात असतात."

"मग घरात जाऊन भेटायचं की."

आता असं न सांगता कोणाच्या घरी जाता येत नाही, हे आप्पांना कसं समजवावं ते उपेंद्रला कळेना. आप्पांचं जेवण कमी झालं. पद्मजा काळजीत पडली. तेव्हा उपेंद्रने माळ्यावरून कॅरमचा बोर्ड खाली काढला. लंडनच्या साउथॉलमधून एका मित्राच्या व्हॅनमधून आणलेला तो बोर्ड दोन वर्षं तसाच गुंडाळून पडला होता. आप्पांनी त्यावरून तळहात फिरवला, पावडर टाकली, स्ट्रायकर बोटावर तोलला, आणि पहिल्याच फटक्यात सोंगट्या अशा फोडल्या की उपेंद्रच्या कंपनीतला मोहन, जो दोन घरं सोडून राहत होता, तो खुर्ची ओढून बसलाच.

मोहन नागपूरचा. त्याची थोरली बहीण नंदिनी एनिसला राहत होती आणि शॅननला एका कंपनीत नोकरीला होती. कॉलेजात असताना तिने कॅरमचे करंडक घरात ठेवायला जागा उरू दिली नव्हती. भावाकडे ती दर पंधरवड्याला यायची. तिने आप्पांना पहिल्या दिवशी हरवलं, दुसऱ्या दिवशी हरवलं, आणि आप्पा पूर्वीसारखे जेवायला लागले.

"पोरगी हाय का कोण हाय," ते पोळी मोडत म्हणाले. "कोपऱ्यातली सोंगटी मागच्या मागं उचलती. पुन्हा कधी यायचीय ती?"

यातून उपेंद्रच्या डोक्यात साखळी स्पर्धा आली. ॲथलोन, एनिस, पोर्टलीश अशा गावांत विखुरलेली मराठी मंडळी संक्रांतीनंतरच्या शनिवारी पोर्टलीशला एका हॉलमध्ये जमायची. हळदीकुंकू, तिळगूळ, मुलांची गाणी. कार्यक्रमाची सूत्रं पद्मजाच्या हातात होती आणि तिने कॅरमला पाऊण तास मंजूर केला, वर एक मिनिट नाही. म्हणजे तिथं एकच सामना होणार, अंतिम. बाकीचे सामने ज्याने त्याने आपापल्या गावात, जमेल त्याच्याशी जमेल तेव्हा खेळायचे आणि निकाल उपेंद्रला ईमेलने कळवायचे. त्यावरून अंतिम सामन्याचे दोघे तो ठरवणार. कसे ठरवणार हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही, कारण विचारलं की नेब्रास्कापासून सुरुवात व्हायची.

त्या वर्षी नेब्रास्काचा संघ धडपडत होता, त्यामुळे उपेंद्रला कॅरमसाठी भरपूर वेळ मिळाला. दर रविवारी सगळ्यांना क्रमवारी जाऊ लागली. नंदिनी पहिली, याबद्दल दुमत नव्हतंच. गोष्ट दुसऱ्या जागेची होती. तिथं पोर्टलीशच्या हॉस्पिटलातले डॉ. केदार सबनीस बसले होते. ते एकदाही हरले नव्हते. पण शनिवार-रविवारी त्यांची ड्यूटी असल्याने ते कोणाकडे जात नसत. खेळत ते हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये, हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांशी. त्यातल्या काहींनी स्ट्रायकर प्रथम आयर्लंडात येऊनच पाहिला होता. इकडे आप्पा निम्म्याहून जास्त डाव हरले होते, पण हरले होते ते बहुतेक नंदिनीशी, अधूनमधून त्यांनी तिलाही धूळ चारली होती, आणि मोहनपेक्षा तर ते सरसच ठरले होते. आठवड्यामागून आठवडे आप्पा वर सरकत गेले. अखेरच्या रविवारी उपेंद्रने आकडे घातले, आणि आप्पा दुसरे आले. डॉक्टर तिसरे.

घरात आनंदीआनंद झाला. पद्मजाने शिरा केला. आठ वर्षांची लेक तन्वी आजोबांच्या गळ्यात पडून "वेल डन, आजोबा!" म्हणाली. आप्पांनी कोल्हापूरला फोन लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "फायनलला गेलोय! परदेशात! व्हय, कोट घालणार हाय." महिनाअखेरीस त्यांचं परतीचं विमान होतं. पुढच्या संक्रांतीला ते इथं असणार नव्हते. ही एकच फायनल होती.

दुपारी डॉ. सबनीसांचा फोन आला.

"देवस्थळी, अभिनंदन तुमच्या सासऱ्यांचं. एक शंका आहे."

"बोला ना डॉक्टर."

"गेल्या रविवारी मी दुसरा होतो. या आठवड्यात तीन सामने खेळलो. तिन्ही जिंकलो. आणि तिसरा झालो. हॉस्पिटलात दाखल झाल्यावर पेशंटचा ताप वाढला तर आम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. तुमचं उत्तर काय?"

"त्याचं असं आहे डॉक्टर, तुमचे प्रतिस्पर्धी..."

"दुबळे आहेत. मान्य. पण मी खेळलो नसतो तर दुसरा राहिलो असतो. जिंकलो म्हणून खाली आलो. असा कोणता खेळ असतो हो जगात?"

डॉक्टर रागावले नव्हते, हेच अवघड होतं. ते खरोखर विचारत होते. उपेंद्रने 'वाटेचा खडतरपणा' वगैरे समजावून फोन ठेवला, पण उरलेला शिरा त्याने तसाच बाजूला सारला. जिंकलो म्हणून खाली आलो. ऑफिसात कोणी असं काही सांगितलं असतं तर त्याने कुठं बोट ठेवलं असतं?

तो पुन्हा जिन्याखाली जाऊन बसला आणि फार वेळ लागला नाही. डॉक्टरांनी एका शिकाऊ डॉक्टरला हरवलं की त्या बिचाऱ्याच्या नावावर एक हार लागायची. त्याच्या नावावर हार लागली की तो आणखी दुबळा दिसायचा. आणि तो दुबळा दिसला की डॉक्टरांची वाट सोपी ठरायची. म्हणजे डॉक्टर जितके जिंकत होते, तितकी त्यांच्याच जिंकण्याची शिक्षा त्यांना मिळत होती. आप्पांचं नेमकं उलटं. आप्पा हरले की नंदिनीच्या नावावर एक विजय वाढे, नंदिनी बलवान दिसे, आणि आप्पांची वाट खडतर ठरे. आप्पा हरून हरून वर चढले होते. अमेरिकेतली मंडळी हे ओळखून होती. एखाद्याची वाट मोजताना त्याचे स्वतःचे सामने बाजूला काढायचे आणि प्रतिस्पर्धी इतरांशी कसा खेळला तेवढंच पाहायचं, हा साधा नियम. उपेंद्रला तो पाठ होता. नोएलना त्याने तो कुंपणावरून दोनदा सांगितला होता. स्वतः आकडे घालताना विसरला होता.

त्याने ते सामने बाजूला काढून पुन्हा गणित केलं. डॉक्टर दुसरे. आप्पा तिसरे.

ही चूक जगात फक्त त्याला एकट्याला माहीत होती. डॉक्टरांना उत्तर मिळालं होतं आणि ते पुन्हा विचारणार नव्हते. वरच्या खोलीत पद्मजा कोटाला इस्त्री करत होती आणि आप्पा तिला सांगत होते, "कॉलर जरा कडक कर." आणि चूक झाली होती ती नेमकी घरच्या माणसाच्या फायद्याची. दुसऱ्या कोणाच्या कामात असं आढळलं असतं तर उपेंद्रने ती निव्वळ चूक आहे, मुद्दाम केलेलं नाही, यावर विश्वास ठेवला असता का?

आप्पा खाली उतरल्यावर तो वर गेला आणि त्याने आधी पद्मजाला सांगितलं. इस्त्री उभी करून ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"नक्की?"

"नक्की."

"मग शिरा करायच्या आधी नाही का तपासायचंस रे?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तूच सांग त्यांना. मी नाही सांगणार."

आप्पा खाली बोर्डापाशी एकटेच सराव करत होते. उपेंद्र समोर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. सोप्या शब्दांत सांगायचं म्हणून तो तीनदा नव्याने सुरू झाला. आप्पा स्ट्रायकर बोटांत फिरवत ऐकत होते.

"म्हंजी मी हरत हुतो म्हणून वर गेलो?"

"काही अंशी, हो."

"आणि डॉक्टर जिंकत हुता म्हणून खाली आला?"

"हो."

आप्पांनी स्ट्रायकर खाली ठेवला. "हे डेपोत कुणी केलं असतं तर त्याला मी गाडीखाली घालून ग्रीस लावायला बसवलं असतं."

"हो आप्पा."

"चूक कुणाची?"

"माझी."

"मग बसलासा कशाला? लावा फोन डॉक्टरला. आत्ताच्या आत्ता." त्यांनी स्ट्रायकर पुन्हा उचलला. "कोल्हापूरला मी करतो. ते तुम्हाला जमायचं न्हाई."

उपेंद्रने फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते हसायला लागले.

"देवस्थळी, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

"बरं, आता माझी एक शंका ऐका. आमची पोरं आपापसांत खेळतात आणि माझ्याशी. तुमच्याकडचे तिघं आपापसांत खेळतात. इकडचा एकही माणूस तिकडच्या माणसाशी खेळलेला नाही. मग इकडचं वजन तिकडच्या तराजूत पडणार कसं? तुमच्या गणिताला काय कळणार?"

हे नेब्रास्कातही कोणी उपेंद्रला इतकं सरळ विचारलं नव्हतं.

"काहीच नाही कळणार," तो म्हणाला.

"मलाही कळत नाही मी कसा खेळतो ते. खरंच सांगतो. समोर कोणी नव्हतंच. बुधवारी मला सुट्टी आहे. मी येतो. जागा माझी की तुमच्या सासऱ्यांची, ते बोर्डावर ठरू दे. चालेल त्यांना?"

उपेंद्रने फोनवर हात ठेवून विचारलं. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले होते.

"चालंल का म्हणून काय विचारता? जेवायला बोलवा!"

बुधवारी संध्याकाळी डॉ. सबनीस पोर्टलीशहून, वाटेतल्या टलमोर गावावरून, गाडी चालवत आले. सडपातळ, चष्मा लावलेला माणूस, चाळिशीच्या आतला. बरोबर चकल्यांचा डबा. मोहनने पंच व्हायचं ठरलं होतं, आणि नोएलही आले होते, कारण आदल्या दिवशी कुंपणापाशी त्यांना कळलं होतं की या घरात अखेर काहीतरी प्रत्यक्ष खेळलं जाणार आहे.

"यात हरेल तो घरी जातो ना?" त्यांनी उपेंद्रला हळूच विचारलं.

"हो, यावेळी घरीच."

"ग्रँड," म्हणून ते खुर्ची घेऊन बसले.

तीन बोर्डांत दोन जिंकणारा पुढे. पहिला आप्पांनी घेतला. डॉक्टरांना समोरच्याची सोंगटी अडवून ठेवणं ठाऊकच नव्हतं, कारण हॉस्पिटलात त्याची कधी गरज पडली नव्हती. उपेंद्रला वाटलं, झालं, सुटलो. दुसऱ्या बोर्डाला डॉक्टरांनी चष्मा पुसला. आप्पांनी मगाशी केलेली अडवणूक त्यांनी तशीच आप्पांवर केली. एकदा, मग पुन्हा. आप्पांनी मान वर करून पाहिलं.

"बघून शिकलासा व्हय?"

"तुम्ही दाखवलंत म्हणून."

"फुकट दाखवलं," आप्पा म्हणाले, आणि बोर्ड हरले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिसरा बोर्ड सुरू झाला. पद्मजा ओट्यापाशी पाठ करून उभी होती आणि मधूनच वळून पाहत होती. शेवटी आप्पांची एक सोंगटी राहिली, डॉक्टरांच्या दोन, आणि मधोमध राणी. आप्पांनी राणी घेतली. फटका असा काही स्वच्छ होता की नोएलनी टाळी वाजवली. आता ती राखायला लगेच शेवटची सोंगटी घालायची होती. सोंगटी भोकाच्या तोंडाशी होती. डोळे मिटून घालावी अशी. आप्पांनी स्ट्रायकर मारला, सोंगटी भोकाच्या दोन्ही कडांना लागली, आणि बाहेर येऊन थांबली.

मोहनने राणी परत मधे ठेवली. डॉक्टरांनी ती घेतली, राखली, आणि उरलेली सोंगटी घातली. मग हात मागे घेऊन ते अपराध्यासारखे बसून राहिले.

उपेंद्रला सासऱ्यांकडे पाहावेना. आप्पांनी बोर्डावरची पावडर तळहाताने एका बाजूला केली.

"झ्याक खेळता की वो तुम्ही," ते म्हणाले. "उगाच लिंबूटिंबू म्हणत हुतो आम्ही."

"आज कळलं मलाही," डॉक्टर म्हणाले. "आप्पा, ती शेवटची सोंगटी तुमचीच होती."

"भोकात गेली असती तर माझी." आप्पा हसले. मोठ्याने, डेपोत हसत असतील तसे. पद्मजा पदराला हात पुसत जवळ आली आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तो हात थोपटत ते म्हणाले, "वाढ ग पोरी. डॉक्टर लांबनं आलेत."

जेवणं झाली. डॉक्टर कोट घालायला लागले, सकाळी लवकर ड्यूटी होती.

"कुठं निघालासा?" आप्पांनी त्यांच्या हातातून कोट काढून घेतला. "शनिवारी त्या पोरीपुढं असं बसलात तर चहा निवायच्या आत उठवंल तुम्हाला. तुम्ही आजवर कुणाकडनं मार खाल्लाय का?"

"आज पहिल्या बोर्डाला. तुमच्याकडून."

"तेवढ्यानं काय हुतंय! मी तिच्याकडनं तीन महिने खाल्लाय. डावा कोपरा तिला दिला की संपलं. राणी ती कधीच लवकर घेत न्हाई, तुम्हाला घ्यायला लावती. आणि उजवीकडनं मागं मारताना तिचा जोर कमी पडतो. हे माझ्याशिवाय हितं कुणाला ठावं न्हाई."

"मला आहे," मोहन म्हणाला.

"तू भाऊ हाईस. तू गप बस."

डॉक्टर खुर्चीत परत बसले. आप्पांनी सोंगट्या पुन्हा मांडल्या, नंदिनीने त्यांना दिवाळीच्या सुमारास ज्या डावात लोळवलं होतं तो डाव जसाच्या तसा, एकेक सोंगटी बोटाने सरकवून. नोएलनीही खुर्ची जवळ ओढली. त्यांना शब्द एक कळत नव्हता, पण प्रशिक्षक कसा दिसतो ते त्यांना माहीत होतं.

"जावईबापू, असं तोंड पाडून हुबं राहू नका," आप्पा म्हणाले. "समोर या. तुम्ही नंदिनी."

"आप्पा, मला खेळता येत नाही."

"ठावं हाय. मी सांगंन तिथं मारायचं. डॉक्टर, आता बघा. ही इथनं आली, की तुम्ही काय करणार?"

उपेंद्रने बाह्या सरसावल्या आणि स्ट्रायकर हातात घेतला.